दहा कनेक्शनं आणि ओला कापूस

कापसाच्या हंगामात जिनिंगमधलं खरेदीचं सॉफ्टवेअर बसलं की त्याचं कारण आवारातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं: गर्दी. बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि मेटॅडोर लागलेले असतात, काट्यावर गाडी तशीच उभी असते, पट्टी, म्हणजे वजन-भावाच्या हिशोबाचा कागद, काही निघत नाही आणि खिडकीतला पोरगा सांगतो, "सर्व्हर डाऊन हाय भाऊ, थांबा जराक." रांगेतून कोणीतरी बोलतं, "गर्दी झाली का बसतेच थे." मग सर्व्हर बंद करून चालू करतात. तास-दीड तास सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा तेच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खासगी जिनिंगच्या अशाच दुखण्याचं मूळ शोधायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी गर्दीचाच हिशोब मांडला. त्यासाठी विनंती कोणत्या रस्त्याने जाते ते समजून घ्यायला हवं. टेबलावरच्या संगणकातून ती मोबाइल टॉवरवरून किंवा फायबरवरून अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरपर्यंत पोहोचते. खरेदीचा प्रोग्रॅम तिथे चालतो. पण कास्तकारांची नावं, सातबारे, वजनं, भाव हे सगळं डेटाबेसकडे असतं, आणि तो बहुतेकदा वेगळ्या यंत्रावर असतो. या दोघांच्या मधला दुवा म्हणजे डेटाबेस कनेक्शन. गावातली रेंज जाते ती पहिल्या टप्प्यात. आमचं दुखणं दुसऱ्या टप्प्यात होतं, आणि तिथे टॉवरचा काही संबंध नाही.

कनेक्शन जोडायला वेळ लागतो. आधी टीसीपीची (दोन यंत्रं जोडणाऱ्या नियमांची) तीन निरोपांची देवाणघेवाण, मग टीएलएसची (संदेश गुप्त ठेवण्याची) बोलणी, मग पासवर्डची तपासणी. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) उभी करतो आणि तिला वेगळी मेमरी लागते. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस प्रोसेसऐवजी थ्रेडवर, म्हणजे एकाच प्रोसेसमधल्या धाग्यावर, भागवतो, म्हणून तो त्या मानाने हलका. तरीही जी माहिती काढायला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात तिच्यासाठी दरवेळी एवढा सोपस्कार करायचा म्हणजे खरेदीपेक्षा हमालीच जास्त. म्हणून सर्व्हर थोडी कनेक्शनं आधीच जोडून ठेवतो. हाच कनेक्शन पूल. गावातल्या औजार बँकेतल्या फवारणी पंपांसारखा त्याचा व्यवहार चालतो: लागला तेव्हा न्यायचा, काम झालं की आणून ठेवायचा, मग पुढच्याने न्यायचा. शंभर घरांच्या गावाला शंभर पंप लागत नाहीत.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दुनियेत हिकारी-सीपी नावाचा पूल फार वापरला जातो. काही वेगळं सांगितलं नाही तर तो जास्तीत जास्त १० कनेक्शनं ठेवतो. दहाही बाहेर असतील तर अकराव्या विनंतीला ३० सेकंद थांबवतो, आणि तेवढ्यात एकही परत आलं नाही तर चूक दाखवून मोकळा होतो. हे दोन्ही आकडे पुढे लागणार आहेत.

आता हिशोब. रांगेच्या गणिताची सुरुवात टेलिफोनपासून झाली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नेर एरलांग नावाचे गणिती होते. किती लोकांना किती लाइनी पुरतील, या प्रश्नावरचा त्यांचा पहिला निबंध १९०९ चा. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक सोपा नियम सिद्ध केला: येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी आत असलेल्यांची सरासरी संख्या. तो आमच्या आवाराला लावून पाहू. समजा, दिवसाला ३०० गाड्या आल्या आणि एका गाडीमागे डेटाबेसकडे २० विनंत्या गेल्या, तर दिवसभरात ६,००० विनंत्या झाल्या. एका विनंतीला २० मिलिसेकंद धरले, तर सगळ्या मिळून १२० सेकंद. म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम एकटं एक कनेक्शन दोन मिनिटांत उरकतं, आणि इथे तर दहा होती. सगळ्या गाड्या एकाच तासात आल्या असत्या तरी फरक पडला नसता. गर्दी निर्दोष होती.

मग कनेक्शनं जातात कुठे? सॉफ्टवेअर बसलेलं असताना तीन गोष्टी पाहिल्या. सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. लॉगिनचं पान, ज्याला डेटाबेस लागत नाही, ते झटकन उघडत होतं. आणि कास्तकाराचं नाव शोधायला गेलं की चाक फिरत राहायचं आणि बरोबर ३० सेकंदांनी चूक यायची. या तिसऱ्या खुणेवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. दमलेलं यंत्र कधी ८ सेकंद घेतं, कधी २५, कधी ४०. दरवेळी तोच आकडा येत असेल, तर तिथे कोणीतरी घड्याळ लावून वाट पाहतंय.

पोस्टग्रेसमध्ये सगळ्या कनेक्शनांची हजेरी दाखवणारं एक कोष्टक असतं. कोण जोडलेलं आहे, कधीपासून, शेवटची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) कोणती, आत्ता काय चाललंय. त्यात आमच्या दहाही ओळींपुढे एकच अवस्था होती: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. म्हणजे व्यवहार उघडला, पण पुढे कोणी काही सांगेना आणि मिटवेनाही. दहाही ओळींची शेवटची क्वेरीसुद्धा एकच, आवारात आलेल्या गाडीची नोंद घालणारी. आणि त्यांच्या वेळा बहुतेक सकाळच्या, दुपारी फाटकावर खरी झुंबड उडायच्या कितीतरी आधीच्या.

कापसाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरकडे एक कागदी वही होती. त्या वेळा तिच्याशी ताडून पाहिल्या. परत पाठवलेल्या गाड्यांच्या वेळांशी त्या नेमक्या जुळल्या.

ओलाव्याचा नियम आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे गाडी परत. या जिनिंगनेही १२ चीच रेघ धरली होती. प्रोग्रॅमचा क्रम असा होता: कनेक्शन घ्या, गाडीची नोंद घाला, ओलावा तपासा; १२ च्या वर असेल तर पडद्यावर 'परत' दाखवा आणि इथूनच बाहेर पडा; नसेल तर वजन, भाव, पट्टी, आणि सगळ्यात शेवटी कनेक्शन जागेवर ठेवा. ओल्या कापसाची वाट त्या शेवटच्या ओळीपर्यंत जातच नव्हती. एक गाडी परत गेली की एक कनेक्शन तिच्याबरोबर गेलं. दहा ओल्या गाड्या झाल्या की दुकान बंद.

दवात वेचलेला कापूस घेऊन पहाटेच निघालेल्या गाड्या सकाळी पोहोचतात, म्हणून सॉफ्टवेअर सकाळी बसायचं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस होऊन गेला की दिवसातून अनेकदा बसायचं. अशा दिवसांत गर्दीही असतेच, त्यामुळे दोष तिच्या माथी मारणं सोपं होतं. आणखी एक पुरावा तिथेच पडून होता आणि कोणी पाहिला नव्हता: परत गेलेल्या एकाही गाडीची नोंद डेटाबेसमध्ये नव्हती. व्यवहार पुरा झालाच नव्हता, म्हणून सर्व्हर बंद केल्याबरोबर पोस्टग्रेसने ती अर्धवट नोंद पुसून टाकली होती. बंद-चालू केल्यावर बरं वाटायचं ते यामुळेच. जुनी दहा तुटायची, नवी दहा मिळायची.

याला कनेक्शनची गळती म्हणतात, आणि तिच्यावरचा सगळ्यात लाडका उपाय म्हणजे पूल मोठा करणं. इथेही '१० चे ५० करा' असा सल्ला येऊन गेला होता. ५० केले असते तर सॉफ्टवेअर सकाळी बसायच्याऐवजी चार वाजता बसलं असतं आणि कारण शोधणं अजून अवघड झालं असतं. शिवाय डेटाबेसलाही हद्द असते. पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शनं घेतो, मायएसक्यूएल १५१. तीन सर्व्हरांवर ५०-५० चे पूल बांधले तर त्यांची मागणी १५० पर्यंत जाते, आणि पोस्टग्रेस शंभरावर हात जोडून 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' म्हणतो. (चूक झाल्याचा संदेश देतानाही माफी मागणारं सॉफ्टवेअर विरळाच.) गळती नसली तरी मोठा पूल वेग वाढवेलच असं नाही. चार कोअरचा (काम करणाऱ्या चार गाभ्यांचा) प्रोसेसर एका क्षणी चारच कामं करतो; बाकीची नुसती एकमेकांच्या पायात येतात. पोस्टग्रेसवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. चार कोअर आणि एका डिस्कला ९ भरतात. लोकांना हा आकडा इतका लहान वाटतो की ते तो मानतच नाहीत.

दुरुस्ती छोटी होती. जावात २०११ पासून, म्हणजे सातव्या आवृत्तीपासून, अशी रचना आहे की त्या तुकड्यातून कोणत्याही वाटेने बाहेर पडलात तरी कनेक्शन आपोआप परत जातं. 'परत' या शेऱ्याची नोंदही व्यवस्थित पक्की होऊ लागली. हिकारीत गळती पकडणारा एक पहारा असतो, पण तो मुळात बंद असतो. चालू करून त्याला किमान दोन सेकंदांची मुदत द्यावी लागते. मुदतीपेक्षा जास्त वेळ कनेक्शन बाहेर राहिलं की ते प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीने नेलं होतं, हे तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, लिहून ठेवतो. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरचा पूल याहून कडक: सांगितलं तर हरवलेलं कनेक्शन तो हिसकावूनच घेतो, आणि त्याची ठरलेली मुदत ६० सेकंद. ही सक्ती मला फारशी पसंत नाही. हंगामाचा मोठा अहवाल दोन मिनिटं चालत असेल, तर त्याचंही कनेक्शन मधेच जाईल.

दुसरा आजार याच्या उलटा: कनेक्शन जागेवर आहे, पण मेलेलं आहे. दिवसाची पहिली पट्टी फसते आणि पुन्हा बटण दाबलं की निघते, ही त्याची खूण. मायएसक्यूएल ८ तास गप्प बसलेलं कनेक्शन स्वतःहून तोडतो. रात्री आठला आवार बंद होऊन सकाळी नऊला उघडलं की ८ तास कधीच उलटलेले असतात. आपल्याकडे यात विजेची भर पडते. काही ठिकाणी प्रोग्रॅम ऑफिसातल्या संगणकावर चालतो आणि डेटाबेस दूर क्लाउडवर असतो. वीज गेली की इन्व्हर्टरवरचा संगणक तगतो, पण राउटर बंद पडतो. परत चालू झालेल्या राउटरला कोणतं कनेक्शन कोणाचं होतं ते आठवत नाही. दोन्ही टोकांना मात्र वाटत राहतं की आपण जोडलेलेच आहोत. लिनक्स (संगणकाची कार्यप्रणाली) अशा गप्प कनेक्शनची विचारपूस मुळात दोन तासांनी करतो, आणि त्यावर पाठवलेल्या निरोपाला उत्तर आलं नाही तर सुमारे १५ मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. म्हणून कनेक्शन देण्याआधी 'सिलेक्ट १' सारखी फुटकळ क्वेरी विचारून ते जिवंत आहे का हे पाहतात, किंवा हिकारीसारखं करतात: त्याची तपासणी तर असतेच, वर अर्ध्या तासाच्या वयाला आलेलं कनेक्शन तो बदलूनच टाकतो. ते वय डेटाबेसच्या आणि राउटरच्या मुदतीपेक्षा कमी ठेवलं की बहुतेक प्रश्न मिटतात.

हे सगळं हंगामाआधी तपासता येतं, आणि त्याची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे चाचणीत पूल एकाचा करायचा. कनेक्शन एकच असलं की पहिली ओली गाडी परत पाठवा, दुसरी गाडी लगेच अडकते. दहाची वाट पाहावी लागत नाही. एकाच विनंतीला दोन कनेक्शनं मागणारा तुकडाही इथेच उघडा पडतो. एक हातात धरून तो दुसऱ्यासाठी थांबतो, आणि दुसरं नसतंच. खऱ्या हंगामात असे दहा जण एकाच वेळी आले तर दहाही एकमेकांची वाट पाहत बसतात. चाचणी घेणारे बहुधा सरळ वाटेनेच जातात, कोरडा कापूस, बरोबर आधार क्रमांक, चालू बँक खातं. गळती आडवाटेला असते. म्हणून तीच पावती दोनदा घालायची, वजनाच्या रकान्यात अक्षरं टाकायची, पट्टी निघत असताना डेटाबेस बंद करायचा. जेमीटरसारख्या साधनाने कृत्रिम गर्दी सोडता येते, पण गर्दी चालू असतानाच्या आकड्यांपेक्षा ती थांबल्यानंतरचा आकडा महत्त्वाचा. बाहेर असलेली कनेक्शनं शून्यावर यायला हवीत. एक जरी राहिलं, तरी गळती आहे.

आमच्या आवारात गळती बंद झाल्यावर पहाऱ्याने आणखी एक ओळ पकडून दिली. पट्टी झाल्यावर कास्तकाराला एसएमएस जातो, आणि तो पाठवताना प्रोग्रॅमने कनेक्शन हातात धरूनच ठेवलेलं असायचं. एसएमएसवाल्या कंपनीचा सर्व्हर सुस्त असला की त्याला तीन सेकंद लागायचे, म्हणजे २० मिलिसेकंदांच्या दीडशेपट. लिटलच्या नियमात दुसरा आकडा दीडशेपट झाला, तर उत्तरही दीडशेपट होतं. आता पट्टीचा व्यवहार पुरा होतो, कनेक्शन परत जातं आणि त्यानंतर एसएमएस निघतो. तो कधी उशिरा पोहोचतो, पण काटा थांबत नाही. पूल अजूनही १० चाच आहे.