स्टॉक अँड्रॉइड

स्टॉक अँड्रॉइड : गुगलची अँड्रॉइड ही प्रणाली फोन बनवणाऱ्या कंपनीने फारशी न बदलता जशीच्या तशी दिली, तर तिला स्टॉक अँड्रॉइड म्हणतात. दुकानात तिला ‘प्युअर अँड्रॉइड’ किंवा ‘क्लीन फोन’ असेही म्हटले जाते. सॅमसंगचे वन यूआय, शाओमीचे हायपर ओएस किंवा वनप्लसचे ऑक्सिजन ओएस हे त्याच अँड्रॉइडवर चढवलेले कंपन्यांचे स्वतःचे साज होत. फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या फोनबद्दल बोलताना स्टॉकचा विषय निघतो तो तीन प्रश्नांमुळे : अपडेट कधी येणार, किती वर्षे येणार आणि चार्जिंग किती टिकणार.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नांना जास्त वजन आहे, कारण इथे महागडा फोन पहिल्या मालकाकडेच संपत नाही. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तो घेतो. दोन-तीन वर्षांनी नवा आला की जुना कागल किंवा शाहूवाडीतल्या वडिलांच्या खिशात जातो आणि पुढे धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला लागतो. वडिलांच्या हातात फोन येतो तेव्हा त्यात बँकेचे ॲप असते, यूपीआय असते आणि उसाच्या बिलाचा मेसेजही त्यावरच येतो. सुरक्षेचे अपडेट नेमके त्याच सुमारास बंद झाले, तर घरातला सर्वांत कमी सराव असलेला माणूस सर्वांत उघड्या फोनवर पैसे हाताळत बसतो. म्हणून फोनची किंमत पहिल्या दिवसाच्या वेगावर न ठरवता अपडेटच्या वर्षांवर ठरवावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे.

अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, २००८ मध्ये आला. अँड्रॉइडचा मूळ सांगाडा खुला आहे. तो कोणीही घ्यावा आणि त्यावर आपले घर बांधावे, अशी मुभा असल्याने कंपन्यांनी आपापले रंग, आपापली ॲप आणि जाहिरातीही त्यात घातल्या. मूळ रूप कसे असावे हे दाखवण्यासाठी गुगलने २०१० मध्ये नेक्सस वन आणला. २०१६ पासून पिक्सेल ही मालिका सुरू झाली. स्वस्त फोनवरही मूळ रूप मिळावे यासाठी ‘अँड्रॉइड वन’ हा उपक्रम सप्टेंबर २०१४ मध्ये भारतातूनच सुरू झाला. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांचे फोन त्यात होते. काटेकोर पाहिले तर आजच्या पिक्सेललाही स्टॉक म्हणणे कठीण आहे. त्यातला कॅमेरा, फोनचे ॲप, मुख्य पडदा हे सारे गुगलचे खासगी काम असून खुल्या सांगाड्यात ते मिळत नाही.

स्टॉकचा खरा फायदा दिसतो तो अपडेटच्या वाटेवर. गुगलने नवी आवृत्ती काढली की ती आधी क्वालकॉम, मीडियाटेक यांसारख्या चिप बनवणाऱ्यांकडे जाते. ते आपल्या चिपला ती जुळवून देतात, मग फोन कंपनी तिच्यावर आपला साज चढवते, तपासणी करते आणि शेवटी ती टप्प्याटप्प्याने लोकांना सोडते. साज जितका जड, तितका मधला मुक्काम लांबतो. ही वाट छोटी करण्यासाठी २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ने चिपचा भाग आणि वरची प्रणाली वेगळी केली. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, काही महत्त्वाचे भाग प्ले स्टोअरच्या वाटेने थेट येऊ लागले. दरमहा सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोके बुजवणारे छोटे अपडेट, देण्याची पद्धत त्याआधीची. २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी उघड झाली. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजमधून फोनमध्ये घुसता येत होते. त्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने मासिक पॅच सुरू केले.

वर्षांचा हिशेबही पालटला आहे. सुरुवातीच्या पिक्सेलला नव्या आवृत्त्यांची हमी दोन वर्षांची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांची हमी मिळाली आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ मालिकेला तेवढीच दिली. म्हणजे दीर्घ अपडेट ही आता फक्त स्टॉकची मक्तेदारी राहिलेली नाही. साज चढवणारी कंपनीही मनावर घेतले तर ते करू शकते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र एक समज घट्ट रुजला आहे, की स्टॉक हलका असतो म्हणून चार्जिंग जास्त टिकते. हे अर्धेच खरे आहे. अनावश्यक ॲप कमी असल्याने मागे चालणारी कामे कमी होतात, एवढे नक्की. पण दिवसभराचा हिशेब पडदा, चिप आणि नेटवर्क ठरवतात. २०२२ मध्ये क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १ या दोन चिपची मूळ रचना जवळपास एकच होती. पहिली सॅमसंगच्या कारखान्यात घडली, दुसरी टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या. दुसरी थंड चालली आणि चार्जिंगही जास्त पुरले. प्रणाली तीच असताना पडलेला हा फरक आहे.

तरीही अँड्रॉइडने बॅटरीसाठी केलेली मोलाची कामे मूळ सांगाड्यातच झाली. त्यातले सर्वांत महत्त्वाचे ‘डोझ’, २०१५ च्या अँड्रॉइड ६ मधले. फोन फडताळावर न हलता पडला असेल, पडदा बंद असेल आणि चार्जर लावलेला नसेल, तर प्रणाली बहुतेक ॲपचे नेटवर्क थांबवते. ठरावीक अंतराने थोडा वेळ दार उघडते, सगळ्यांची साठलेली कामे एकदम उरकून घेते आणि पुन्हा दार लावते. अँड्रॉइड ९ ने, २०१८ मध्ये, कोणते ॲप माणूस किती वापरतो हे ओळखून त्यानुसार मोकळीक द्यायला सुरुवात केली. काही कंपन्यांचे साज याच्या पुढे जाऊन ॲप सरळ मारून टाकतात. आकड्यात चार्जिंग वाचते, पण मेसेज पडदा उघडल्यावरच येतो. कोल्हापुरात पावसाळ्यात हे परवडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टात प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या घराघरांत ‘पाणी किती फुटांवर?’ हाच प्रश्न असतो आणि उत्तर फोनवरच्या मेसेजमधून येते. अशा वेळी व्हॉट्सॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ करून ठेवणे शहाणपणाचे. २०१९ च्या महापुरात वीज गेली, महामार्ग बंद पडला आणि फोनमधली उरलेली टक्केवारी लोक पैशांसारखी मोजून खर्च करत होते. पिक्सेलमधली ‘एक्स्ट्रीम बॅटरी सेव्हर’ ही सोय अशाच प्रसंगाची आहे : निवडलेली मोजकी ॲप जागी राहतात, बाकीची झोपतात.

गगनबावड्याच्या घाटात किंवा दाजीपूरच्या जंगलात गेल्यावर फोन तापतो आणि चार्जिंग भराभर उतरते, त्यात प्रणालीचा दोष नसतो. टॉवर लांब पडला की फोन आवाज चढवून बोलतो, म्हणजे जास्त शक्तीने लहरी पाठवतो आणि सिग्नल शोधतच राहतो. तिथे विमान मोड लावणे हा साधा आणि हमखास उपाय आहे.

‘अपडेट मारला आणि बॅटरीची वाट लागली’ ही तक्रार राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या काउंटरवर नेहमी ऐकू येते. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी ॲप नव्याने जुळवून घेतो, फोटोंची यादी पुन्हा करतो. पहिले दोन-तीन दिवस चार्जिंग खरेच जास्त जाते आणि मग बसते. आठवड्यानंतरही बसले नाही, तर बहुधा बॅटरीच म्हातारी झालेली असते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरून ठेवणे सोसत नाही. मे महिन्यात मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन त्यामुळे लवकर थकतो. काउंटरवर कारागीर मागची काच गरम पाट्यावर ठेवून सैल करतो, कडेने पातळ पत्ता सरकवतो आणि फुगलेली बॅटरी न वाकवता, न टोचता उचलतो. काच परत बसवताना नवी चिकटपट्टी लावली नाही, तर फोनचे पाण्यापासूनचे संरक्षण गेले असे समजावे. पावसाच्या गावात ही गोष्ट गिऱ्हाइकाने तोंडाने विचारून घ्यावी.

युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमानुसार फोनच्या बॅटरीत ८०० वेळा चार्ज झाल्यावरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि विक्री थांबल्यानंतर पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. भारतात अशी सक्ती नाही. इथे जुना फोन घेताना सेटिंगमधल्या ‘फोनबद्दल’ या भागात सुरक्षा पॅचचा महिना पाहता येतो, आणि अँड्रॉइड १४ नंतरच्या अनेक पिक्सेलवर बॅटरी किती वेळा भरून रिकामी झाली तो आकडाही तिथेच मिळतो.