वहीतली उभी-आडवी बेरीज आणि शॅनन पुरस्कार

फोनवर आडनाव सांगायचं असतं आणि रेंज येत-जात असते. मग आपण ओरडतो, "भ! भटजीतला भ, बदकातला ब नव्हे!" एक अक्षर पोचवण्यासाठी अख्खा शब्द खर्ची घालतो. पलीकडून "काय? परत सांगा" आलं की दुसरा.

हा जादा खर्च किमान किती करावा लागतो, याचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन संस्थेत मांडलं. वाहिनीत, म्हणजे निरोप जातो त्या तारेत किंवा लहरींत, कितीही खरखर असो, तिची एक ठरावीक क्षमता असते: निरोप पाठवायचा कमाल वेग. त्या वेगाच्या आत राहिलात तर चूक हवी तितकी कमी करता येते, असं त्यांनी सिद्ध केलं. अशी पद्धत असते हे दाखवलं, पण ती प्रत्यक्ष बांधायची कशी ते सांगितलं नाही. स्थळ उत्तम आहे म्हणायचं आणि पत्ता द्यायचा नाही, असला हा मध्यस्थ! पुढची साठेक वर्षं अभियंते तो पत्ता शोधत होते, आणि या क्षेत्रातले बरेचसे मानसन्मान त्या शोधाशीच जोडलेले आहेत.

त्यांतला सर्वांत मानाचा म्हणजे आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेतल्या इन्फर्मेशन थिअरी सोसायटीचा शॅनन पुरस्कार. पहिला मान खुद्द शॅनन यांनाच मिळाला. पुरस्कार घेऊन घरी गेलं की संपलं, असं इथे चालत नाही. विजेत्याला जागतिक परिषदेत व्याख्यान द्यावं लागतं, आणि समोर बसलेले बहुतेक जण त्याच विषयात मुरलेले. मला ही प्रथा शाल-श्रीफळापेक्षा कितीतरी बरी वाटते.

१९८३ चे मानकरी होते एमआयटीचे रॉबर्ट गॅलेगर. १९६० च्या डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यांनी 'एलडीपीसी' नावाचे कोड मांडले होते. कोड म्हणजे निरोपात जादा आकडे मिसळून चुका दुरुस्त करायची पद्धत. त्यामागची युक्ती हिशेबाची वही पाहिलेल्या कुणालाही कळेल. समजा पानावर चहा सांडलाय. एका आडव्या ओळीत १२ दिसतात, पुढचे दोन आकडे पुसलेत, बेरीज ३० आहे. एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मग पुसलेल्यांपैकी पहिल्याचा उभा रकाना पाहायचा: वर ९, खाली ५, बेरीज २५. म्हणजे मधला आकडा ११. आता आडव्या ओळीकडे परत या: ३० वजा १२ वजा ११, उरले ७. एक आकडा सुटला की तो दुसऱ्याला सोडवतो. गॅलेगरांच्या कोडमध्ये अशा हजारो छोट्या बेरजा असतात, पण प्रत्येक आकडा मोजक्याच बेरजांत असतो. त्यामुळे खूण इकडून तिकडे फिरवत फिरवत चुका दुरुस्त करता येतात.

अडचण एकच होती. एवढं काम झेपणारी यंत्रं १९६० मध्ये नव्हती. गॅलेगरांना पुरस्कार मिळाला तेव्हाही, थोडे अपवाद सोडले तर, हे कोड धूळच खात होते. १९९३ मध्ये फ्रान्समधून टर्बो कोड आले, शॅननच्या मर्यादेला, म्हणजे वाहिनीच्या त्या क्षमतेला, जवळजवळ भिडले, आणि नव्वदीच्या मध्यात केंब्रिजचे डेव्हिड मॅकाय आणि टोरंटोचे रॅडफर्ड नील यांनी गॅलेगरांची कल्पना पुन्हा उजेडात आणली.

गॅलेगरांचा एक विद्यार्थी तुर्कस्तानचा, एर्दाल अरिकान. पीएचडीनंतर तो मायदेशी परतला आणि अंकाऱ्याच्या बिल्केंट विद्यापीठात रुजू झाला. २००९ मध्ये त्याने 'पोलर कोड' प्रसिद्ध केले. शॅननची मर्यादा गाठतात हे गणिताने पक्कं सिद्ध झालेले आणि तरीही व्यवहारात वापरता येतील असे हे पहिले कोड. २०१९ चा शॅनन पुरस्कार त्याला मिळाला. आज ५जी फोनमध्ये डेटा वाहतात गुरूचे कोड, आणि तो कसा वाहायचा याच्या सूचना जातात शिष्याच्या कोडमधून.

या यादीत २००० सालचं नाव थॉमस कैलाथ यांचं आहे. जन्म १९३५, पुण्यातला. मल्याळी कुटुंबातला हा मुलगा सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकला, १९५६ मध्ये पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून, बाहेर पडला आणि १९६१ मध्ये एमआयटीचा डॉक्टर झाला. पुढची कारकीर्द स्टॅनफर्डमध्ये. त्यांचं काम सिग्नल प्रोसेसिंगपासून चिपनिर्मितीपर्यंत पसरलंय, पण मला आवडतं ते त्या "परत सांगा"शी नातं असलेलं. ऐकणाऱ्याने उलट निरोप दिला म्हणून साध्या वाहिनीची क्षमता वाढत नाही, हे शॅनन यांनी १९५६ मध्येच दाखवलं होतं. मग त्या उलट निरोपाचा उपयोग काय? कैलाथ आणि त्यांचे विद्यार्थी शाल्कवाइक यांनी १९६६ मध्ये उत्तर दिलं: क्षमता तेवढीच राहते, पण काम कमालीचं सोपं होतं. ऐकणाऱ्याचा अंदाज कितीने चुकलाय तेवढंच बोलणाऱ्याने दर खेपेला कळवायचं. अख्खा भटजी पुन्हा पाठवायची गरज नाही.