चीनचे राष्ट्राध्यक्षपद : दोन कार्यकाळांची अट आणि तिची पार्श्वभूमी

१९५४च्या राज्यघटनेतील राष्ट्राध्यक्षपद वजनदार होते, कारण सैन्यदलांचे नेतृत्व त्याच्याकडे होते. पुढे सांस्कृतिक क्रांतीत दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि १९६९मध्ये त्यांना बंदिवासातच मृत्यू आला. रिकामे पद पुन्हा भरावे की नाही, यावरून १९७०मध्ये पक्षनेतृत्वात तीव्र मतभेद झाले, आणि १९७५च्या घटनेतून ते पदच वगळण्यात आले.

१९८२च्या घटनेने ते परत आणले, पण सैन्य लष्करी आयोगाकडे सोपवले. कायदे जारी करणे, संसदेच्या निर्णयानुसार पंतप्रधानांची नेमणूक करणे, परदेशी राजदूतांना भेटणे एवढेच काम राष्ट्राध्यक्षाकडे राहिले. भारताच्या राष्ट्रपतींना सर्वसाधारण विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येते. तेवढीही मुभा येथे नाही. पुढची दहा वर्षे या पदावर ज्येष्ठ नेते बसले, तर देशाची दिशा ठरवणारा नेता या पदावर कधी आलाच नाही. १९९३मध्ये मात्र पक्षाचे सरचिटणीसपद, लष्करी आयोगाचे अध्यक्षपद आणि राष्ट्राध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे आले.

आजीवन सत्तेचा अनुभव ताजा असल्याने १९८२च्या घटनेच्या ७९व्या कलमात राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष यांना सलग दोनपेक्षा अधिक कार्यकाळ मिळू नयेत, अशी अट होती. ११ मार्च २०१८ रोजी संसदेने ती २,९५८ विरुद्ध २ मतांनी काढून टाकली. तिघे तटस्थ राहिले. समर्थनाचा मुद्दा असा होता की उरलेल्या दोन पदांवर अशी मर्यादा नाही, तेव्हा तिन्ही पदांचे नियम सारखे असावेत. हा युक्तिवाद वरवर सुसंगत दिसतो. परंतु हेच साम्य उरलेल्या दोन पदांना मर्यादा घालूनही साधता आले असते आणि १९८२चा हेतू त्याच दिशेने जाणारा होता, हे त्यात सोयीस्करपणे बाजूला पडते. खरी सत्ता सरचिटणीसपदात असल्यामुळे ही अट नाममात्रच होती, असेही म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते खरे आहे. तरीही तिन्ही पदे एकत्र ठेवण्याचा प्रघात पडल्यानंतर, सर्वोच्च नेत्याने कधी निवृत्त व्हावे हे सुचवणारी घटनेतील लेखी तरतूद ती एकच होती, आणि तिच्यात खरोखरच काही दम नसता तर ती काढण्यासाठी घटनादुरुस्तीचा खटाटोप कोणी केला नसता.

पंतप्रधान आणि संसदेचे अध्यक्ष यांच्यावरील तीच मर्यादा दुरुस्तीत अबाधित ठेवण्यात आली. त्यामुळे मार्च २०२३च्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षांची सर्वच्या सर्व २,९५२ मतांनी तिसऱ्यांदा निवड झाली, तर दोन कार्यकाळ पूर्ण केलेले पंतप्रधान पायउतार झाले.