क्रॅडॉकच्या नाकात उरलेला जंतू

पराटी (कपाशी) वेचणीला आली, थंडी पडू लागली की आमच्याकडे मेडिकलच्या काउंटरवर रोज ऐकू येतं, "भाऊ, डोकं लय ठणकून रायलं, साइनसची गोळी द्या." मेडिकलवाला कात्रीने पत्ता कापतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पुडीत जातात. एक्स्पायरीची तारीख बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावरच राहते.

अँटिबायोटिक आणि साइनसचं नातं मात्र फार जुनं आहे. पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं आणि ९ जानेवारी १९२९ रोजी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंगने ते वापरून पाहिलं, तेही आपला सहायक स्टुअर्ट क्रॅडॉक याच्या पू झालेल्या साइनसवर, म्हणजे नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीवर. पेनिसिलिन असलेल्या बुरशीच्या रसाने साइनस धुतला. स्टॅफिलोकोकस जंतू कमी झाले, पण 'फायफरचा जंतू' होता तसाच राहिला. हा जंतू रिचर्ड फायफरने १८९२ मध्ये फ्लूच्या साथीत शोधला होता आणि फ्लू त्याच्यामुळेच होतो असं तेव्हा धरलं गेलं. माणसातला फ्लूचा खरा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला. या जंतूचं नाव मात्र हिमोफिलस इन्फ्लुएन्झी असंच राहिलं. चुकीचं बारशाचं नाव जन्मभर चिकटावं तसं.

जिवाणूंमुळे होणाऱ्या साइनसच्या दुखण्यात आजही मुख्य जंतू तीनच : न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला. १९७० च्या दशकात अमॉक्सिसिलिन आलं, ते यातल्या बऱ्याच जंतूंवर चालायचं. पण १९७४ पासून हिमोफिलसच्या काही जाती असं विकर (एन्झाइम) तयार करताना दिसू लागल्या, जे औषधाचाच तुकडा पाडतं. त्यावर उतारा म्हणून क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिली गेली. ती जोडगोळी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आली. आपल्याकडे डॉक्टर 'क्लॅव्ह' म्हणून लिहून देतात ती हीच. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न्यूमोकोकस बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही, म्हणून २०१२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी साइनससाठी पहिलं औषध म्हणून ते देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. आमच्या काउंटरवर मात्र तेच राजा.

त्यातही बहुतेकांना जिवाणू झालेलाच नसतो. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांमागे फार तर दोन पुढे जिवाणूंच्या साइनसपर्यंत जातात. बाकी विषाणूंचं काम, जिनिंगच्या धुळीची किंवा तुरीच्या थ्रेशरच्या भुशाची अ‍ॅलर्जी. गालाच्या हाडातल्या पोकळीचं भोक वरच्या बाजूला असतं, त्यामुळे आतला शेंबूड चढावर ढकलावा लागतो. अस्तर थोडं सुजलं तरी तो अडतो, गाल जड होतो, वाकलं की ठणका लागतो. म्हाताऱ्या बाया ओव्याचा वाफारा देत आणि चार दिवस थांबत. ते थांबणंच खरं औषध होतं. दहा दिवसांनंतरही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, किंवा सुरुवातीपासूनच मोठा ताप, पिवळाजर्द शेंबूड आणि गालात कळ तीन-चार दिवस टिकली, तर जिवाणूचा संशय घ्यायचा. एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आधी वरची दाढ तपासावी. खर्रा खाऊन हिरड्या गेलेल्यांनी तर नक्कीच.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये हा नियम जुनाच आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ ही औषधांची यादी लागू झाली आणि सेफिक्झिमसारख्या औषधांची विक्री वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपणं सक्तीचं झालं. अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाही.

२०२१ मध्ये न्यूमोकोकसची लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली, आता ती उपकेंद्रातही बाळांना मिळते. ही लस आधी आलेल्या देशांत साइनसच्या पुवात न्यूमोकोकसचा वाटा घटला आणि हिमोफिलसचा वाढला. म्हणजे क्रॅडॉकच्या नाकात उरला होता, त्याचाच.