हायड्रोजेलचे मणी : सांडपाण्यातल्या जड धातूंसाठी

सांडपाण्यात चुना टाकून धातूंचा गाळ तळाशी बसवला तरी वरच्या निवळीत थोडे तांबे, निकेल, शिसे उरतेच. आमचे मणी या उरलेल्या धातूसाठी आहेत. लिटरमागे शेकडो मिलिग्रॅम धातू असलेले पाणी थेट यांच्यावर सोडलेत, तर मणी लगेच भरतील आणि खर्च अंगावर येईल. तिथे चुनाच बरा.

मण्यांमध्ये पॉलिमरच्या साखळ्यांचे जाळे असते. डायपरमधला पाणी शोषणारा पदार्थ याच कुळातला. जाळे पाण्यात फुगते पण विरघळत नाही, म्हणून धातूचे आयन (विद्युतभारित अणू) आतपर्यंत शिरतात. तिथले कार्बॉक्सिल गट (साखळीवरचे ऋण भाराचे अणुगट) शिसे, कॅडमियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात.

खरा घोळ पीएचपाशी, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याच्या आकड्यापाशी होतो. तो 3च्या खाली गेला की कार्बॉक्सिल गटांवर हायड्रोजन येऊन बसतो, धातूला जागाच उरत नाही. फार वर गेला तर धातूचा हायड्रॉक्साइड मण्यांवर थर धरतो. बहुतेक पाण्यांना 5 ते 6 मानवतो. हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेच्या) क्रोमचे मात्र उलटे : ते क्रोमेट, म्हणजे ऋण आयन. त्याला अमाइन गटाचे (आम्लात धन भार घेणाऱ्या नायट्रोजनच्या गटाचे) मणी आणि आम्लधर्मी पाणी लागते.

पाण्यात सायनाइड असेल तर आधी त्याची प्रक्रिया पूर्ण करा. सायनाइडच्या पाण्यात आम्ल कधीही ओतू नका, प्राणघातक वायू निघतो. ईडीटीए हे रसायन असेल तरीही आधी विचारा. ते धातूला इतके घट्ट धरते की मण्यांच्या हाती फारसे लागत नाही. तेल आणि गाळ गाळूनच पाणी कॉलममध्ये, म्हणजे मणी भरलेल्या उभ्या नळीत सोडा.

कार्बॉक्सिलचे मणी धातूने भरले की पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, मग पाण्याने, शेवटी पातळ कॉस्टिक सोड्याने. हे मणी आम्लात आकसतात आणि कॉस्टिकमध्ये पुन्हा फुगतात, म्हणून कॉलम काठोकाठ भरू नका. दर फेरीला क्षमता थोडी घटते; ती अजिबात घटत नाही असे कुणी सांगितले तर आकडे मागा. (आमच्याकडूनही मागा.) धुण्याचे आम्ल धातूने भरलेले असते. ते गटारात सोडायचे नाही, आणि निकामी मणी साध्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. दोन्ही घातक कचऱ्यातच जातात.

मागणीपूर्वी चुन्याच्या टाकीनंतरचे पाणी नमुन्याला पाठवा. सोबत पीएच, कॅल्शियम आणि बाथमध्ये (मुलाम्याच्या टाकीत) वापरलेली रसायने लिहा. नुसते ‘क्रोम’ लिहू नका. हेक्झाव्हॅलंट की ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेचे), तेही कळवा.