सरळ खांबांचा वाद, मागचं थोडं

आमच्या ठाण्याच्या दिग्दर्शकाच्या जुन्या प्रायोगिक शॉर्ट फिल्ममधे लोकलच्या खिडकीतून दिसणारे खांब तिरके होते, मग व्यावसायिक पिक्चरमधे त्याने ते सरळ का दाखवले यावर आमच्या ग्रुपात अजून भांडणं होतात आणि नवीन पोरांना काही कळत नाही, म्हणून मागचं लिहितोय.

प्रायोगिक-व्यावसायिक ही वाटणी आपल्याकडे नाटकातून आली. ७० च्या दशकात दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमधे जे सुरू झालं ते प्रायोगिक आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनला तिकीट लावून होतं ते व्यावसायिक. खरं तर गडकरीला लागतो तोही 'प्रयोग'च. शॉर्ट फिल्मवाल्यांनी तेच शब्द उचलले आणि सोबत संशयही उचलला, की पैसे मिळाले म्हणजे माणूस बिघडला.

फिल्मच्या काळात शॉर्ट करणं म्हणजे रोलचा हिशोब, १६ एमएमचा ४०० फुटी रोल ११ मिनिटांत संपायचा. मग २००८ ला कॅननचा फाईव्ह-डी मार्क टू आला. फोटोचा कॅमेरा, पण फुल एचडी व्हिडिओ. सुरुवातीला सेकंदाला फक्त ३० फ्रेम, २४ आणि २५ नंतर २०१० च्या अपडेटमधे आले. साधारण १२ मिनिटं झाली की फाईल ४ जीबीची व्हायची आणि रेकॉर्डिंग बंद. आमच्या दिग्दर्शकाने २००९ मधे तो कॅमेरा भाड्याने घेतला आणि ठाणे-कळवा लोकलच्या खिडकीतून खाडी शूट केली, मी शेजारी बॅग धरून बसलो होतो. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, खालची ओळ येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते, त्यामुळे रुळालगतचे वायरचे खांब तिरके पडले आणि लांबची खारफुटी मात्र जागच्या जागी सरळ. आम्हाला वाटलं फुकट गेलं. त्याने मात्र त्या तिरकेपणावरच अख्खी शॉर्ट उभी केली, एक शब्द संवाद नाही.

पुढची चार-पाच वर्षं घोडबंदर रोडच्या बिल्डरांच्या जाहिराती. लोक हा काळ गाळतात, मला तोच महत्त्वाचा वाटतो. सँपल फ्लॅटमधे बाहेर रणरणतं ऊन, आत अंधार, दोन्ही एकाच फ्रेममधे दिसायला हवं आणि संध्याकाळी पाचला हॉल परत द्यायचा. लाइट करणं तो तिथे शिकला.

२०१६ ला पिक्चर मिळाला, त्यात तोच खिडकीचा शॉट परत घेतला, यावेळी अलेक्सा या सिनेमाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर. तो सेन्सर खूप पटकन वाचतो, खांब जवळपास सरळ आले. एडिटला कोणीतरी म्हणालं की कॉम्प्युटरवर तिरके करू, जुन्या लोकांना आवडेल. त्याने साफ नाही म्हटलं. आधी कॅमेऱ्याला जे दिसलं ते दाखवलं होतं, आता मुद्दाम वाकवलं तर ती नक्कल. यावरूनच 'विकला गेला' सुरू झालं. माझ्या मते त्या दिवशी तो सगळ्यात जास्त प्रायोगिक वागला, कारण निर्मात्याला तर तिरकेच हवे होते, ट्रेलरसाठी. मला ते तिरके खांब आवडतात, आजही, पण निर्णय त्याचा बरोबर होता.

पिक्चरच्या आधी थेटरात ती शॉर्ट जोडायचा विचार झाला होता. थेटरची कॉपी सेकंदाला २४ फ्रेमची, आपली फाईल ३० ची, कन्व्हर्ट केली की खाडीवर गाडी धक्के खायला लागली. दोन रात्री प्रयत्न करून सोडून दिलं.