अभिक्रियेचा वेग: अभ्यासाची सुरुवात उसाच्या साखरेपासून

अभिक्रियेच्या वेगाचा धडा आपल्याकडे कर्नाटकात सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला येतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या खानापूर-निपाणीकडच्या मुलांसमोर तो इंग्रजीतून, लॉगरिदमसकट उभा राहतो आणि बरीच मुलं सूत्र पाठ करून पुढे जातात. याची मला फार हळहळ वाटते, कारण या विषयाचा पाया घातला गेला तो आपल्या शिवारात पिकणाऱ्या पदार्थावर.

1850 मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं. आम्लामुळे सुक्रोज, म्हणजे आपली साखर, फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. सुक्रोज ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, फुटल्यावरचं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, हे वळण मोजणाऱ्या पोलॅरीमीटरमधून नुसतं पाहून त्याला कोणत्या क्षणी किती साखर उरली ते कळत होतं. (कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल', म्हणजे त्यातल्या साखरेचं प्रमाण, काढतात तो याच तत्त्वावर.) साखर निम्मी उरली की फुटण्याचा वेगही निम्मा होतो, हे त्याला दिसलं आणि त्याने ते समीकरणात मांडलं. एवढं मोलाचं काम, पण पुढची तीसेक वर्षं त्याकडे जवळपास कोणाचं लक्षच गेलं नाही.

मधल्या काळात, 1864 मध्ये, नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला, म्हणजे अभिक्रियेचा जोर तिच्यातल्या पदार्थांच्या प्रमाणावर कसा ठरतो ते सांगितलं. 1884 मध्ये व्हान्ट हॉफ यांनी अभिक्रियेची 'कोटी' (ऑर्डर, म्हणजे पदार्थाच्या संहतीबरोबर वेग कसा बदलतो ते सांगणारा आकडा) ठरवायच्या पद्धती दिल्या. पहिलं रसायनशास्त्राचं नोबेल, 1901 चं, त्यांनाच मिळालं.

तापमानाचं कोडं मात्र सुटायचं होतं. 25 वरून 35 अंशांवर गेलं तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही, आणि अभिक्रिया तर दुप्पट-तिप्पट जोरात होते! 1889 मध्ये स्वाँते अऱ्हेनियस यांनी याचं उत्तर शोधलं, तेही उसाच्या साखरेच्याच विघटनावर. सगळे रेणू फुटत नाहीत. ठरावीक किमान ऊर्जा असलेलेच फुटतात, आणि थोड्या उष्णतेनेही अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. ती किमान ऊर्जा म्हणजेच सक्रियण ऊर्जा. रेणूंच्या टकरींचा सिद्धांत 1916 ते 1918 मध्ये आला, संक्रमण-अवस्थेचा, म्हणजे बदलाच्या ऐन उंबरठ्यावरच्या रेणूंचा, 1935 मध्ये.

1913 मध्ये मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या (एन्झाइम, म्हणजे सजीवांमधल्या अभिक्रियांना वेग देणारे पदार्थ) वेगाचं समीकरण दिलं. त्यांनी निवडलेलं विकर होतं इन्व्हर्टेज, म्हणजे पुन्हा सुक्रोज फोडणारंच. हे विकर उसातही असतं. तोडलेला ऊस ट्रॉलीत तिष्ठत राहिला की साखर उतारा घटतो, त्यात याचा आणि जिवाणूंचा हात असतो. थंडीतल्या तोडीपेक्षा मार्चच्या उन्हात ही घट जोरात होते, आणि का ते अऱ्हेनियस यांच्या सूत्रातून दिसतं.

गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसात चुन्याची निवळी घालतात, तिचं एक कामही इथलंच आहे. रस मुळात किंचित आंबट असतो. आम्ल आणि उकळी एकत्र आली की साखर भराभर फुटते आणि ढेप घट्ट न बसता चिकट राहते. चुना ते आम्ल मारतो.